बारावीच्या वर्षातच करा प्रवेशाची तयारी: कोकणातल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता कुणाला नवी वाटत नाही. २०२४ मध्ये ९७.५१ टक्के, २०२५ मध्ये ९६.७४ टक्के. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढ्या दोनच जिल्ह्यांचा हा विभाग, तरी पहिला नंबर सोडत नाही. मग जून उजाडतो आणि तीच हुशार मुलं आईवडिलांना घेऊन तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभी दिसतात. कुणाची जात पडताळणी अडकलेली, कुणाचं नॉन-क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा आरक्षणासाठीचा दाखला) मार्चअखेर संपलेलं, कुणाला सीईटीची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेची नोंदणी कधीच बंद झाली हे मे महिन्यात कळलेलं. गुण असतात, जागाही असते, पण हातात कागद नसतो.

प्रवेशाचं काम निकाल लागल्यावर हाती घ्यायची आपली सवय मोडायला हवी. बारावीच्या पहिल्या पावसातच ते सुरू करावं. ज्यांच्या घरात आजवर कुणी डिग्रीला गेलेलं नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून सगळं क्रमाने सांगतो. रायगडची मुलं बोर्डाच्या मुंबई विभागात येतात, पण पुढचं जवळजवळ सगळं त्यांनाही लागू आहे.

जून-जुलै: कशाला कुठली परीक्षा

इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी शाखांसाठी राज्याची एमएचटी-सीईटी. गणितवाल्यांना पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित), जीवशास्त्रवाल्यांना पीसीबी (गणिताच्या जागी जीवशास्त्र). दोन्ही विषय घेतले असतील तर दोन्ही गट देता येतात. परीक्षा २०० गुणांची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पीसीएममध्ये गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण आहेत, म्हणजे अर्धे गुण एकट्या गणिताचे. अकरावीचा भाग साधारण २० टक्के येतो, तेव्हा ती पुस्तकं रद्दीत घालायची घाई नको. २०२६ पासून ही परीक्षा एप्रिल आणि मे अशी दोनदा घेऊन त्यातले चांगले पर्सेंटाइल (परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के मुलं तुमच्या मागे, तो आकडा) धरायचं राज्याने जाहीर केलं आहे. दुसरी संधी ऐच्छिक आहे.

डॉक्टर व्हायचं असेल, मग ते एमबीबीएस असो, बीडीएस, बीएएमएस की बीएचएमएस, तर नीट. आयआयटी-एनआयटीसाठी जेईई, तिची मेन परीक्षा जानेवारी आणि एप्रिलमध्ये होते. आर्किटेक्चरला नाटा. पाच वर्षांच्या लॉला राज्याची वेगळी सीईटी आहे.

कॉमर्सच्या मुलांची फसगत वेगळ्या ठिकाणी होते. बीएमएस, बीबीए, बीसीए या कोर्सना पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळायचा. २०२४ पासून राज्याने त्यांना सीईटी लावली. शेजारच्या ताईने तीन-चार वर्षांपूर्वी कसा प्रवेश घेतला ते ऐकून निर्धास्त राहू नका.

साधं बीए, बीकॉम, बीएस्सी मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात करायचं असेल तर प्रवेश परीक्षा नाही. निकालानंतर विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी मात्र सक्तीची आहे, आणि ती केली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा भरावा लागतो. दिल्ली, बनारस, हैदराबाद इथल्या केंद्रीय विद्यापीठांत जायचं तर सीयूईटी. आपल्याकडे या परीक्षेचं नावसुद्धा फारसं कुणी काढत नाही. इतिहास, अर्थशास्त्र किंवा भाषांत गती असलेल्या मुलाने तरी ती द्यावीच. केंद्रीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क कमी असतं.

आणि जहाज. आपल्या किनाऱ्यावर घरटी नाही तरी वाडीगणिक कुणीतरी बोटीवर असतोच, त्यामुळे नववीपासून मुलं ‘मर्चंट नेव्ही’ म्हणत असतात. अधिकारी म्हणून जायचं असेल तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्या. नॉटिकल सायन्सला (जहाज चालवण्याचं शिक्षण) बारावीत पीसीएममध्ये ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात. डोळे आधी तपासून घ्या, रंगांधळेपणा निघाला तर पुढचा सगळा खर्च वाया. कुणी ‘अमुक लाख द्या, मुलाला बोटीवर लावतो’ म्हणत दारात आला, तर नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्याच्या संस्थेचं नाव शोधा. सापडलं नाही तर चहा पाजून वाटेला लावा.

गणपतीच्या आधी: कागद

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा, आणि जागा जातात त्या इथेच. गणपतीला मुंबईचे काका-आत्या घरी येतात, त्यांच्याकडून लागणारे कागद त्याच आठवड्यात मागून घ्यायचे. एकदा चाकरमानी परत गेले की फोनवर ‘बघतो, पाठवतो’ करत दिवाळी येते.

सुरुवात नावापासून. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. हा क्रमाचा फरक चालतो. चालत नाही तो स्पेलिंगचा फरक. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरा आणि आधार, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला त्याच्याशी जुळवून घ्या. बारावीचा बोर्डाचा अर्ज कॉलेजात भरला जातो तेव्हा त्याची छापील प्रत तपासायला देतात. मुलं गप्पा मारत तिच्यावर सही करतात. आईचं नाव, जन्मतारीख, विषय, सगळं त्या वेळी एकेक अक्षर करून वाचा.

आता जात पडताळणी. आरक्षणातून व्यावसायिक शिक्षणाला जायचं तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. विज्ञान शाखेच्या मुलांचे अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे जातात. घरात वडिलांकडून रक्ताच्या नात्यातल्या कुणाची, म्हणजे वडील, काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडाची वैधता झालेली असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर जुना पुरावा शोधायचा. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा.

तो सापडतो कुठे? पहिली जागा गावातली मराठी शाळा. मुख्याध्यापकांकडे जुनं जनरल रजिस्टर असतं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, पानांच्या कडा वाळवीने कुरतडलेल्या. त्यात आजोबांचं किंवा त्यांच्या भावाचं नाव, पुढे जात, कधी पूर्ण तर कधी ‘ति. कुणबी’ अशी तोडून लिहिलेली. त्या नोंदीचा सही-शिक्क्याचा उतारा घ्यायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची गाव नमुना १४ ची नोंद. ती मोडीत असली तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आजोबांचं आडनाव तेव्हा गावावरून लावलेलं आणि आता वेगळं, हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात तो आधीच स्पष्ट करून टाका. यात महिने जातात, म्हणून गणपतीची मर्यादा सांगतोय. नुसत्या पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्रासाठी मुदत द्यायचा निर्णय काही वर्षी झाला, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

नॉन-क्रिमीलेअर प्रांत कार्यालयातून मिळतं. ते नुसतं असून चालत नाही, प्रवेशाच्या वर्षापुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंतचं. गेल्या हिवाळ्यात काढलेलं मार्चमध्ये संपणारं असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा काढा. ईडब्ल्यूएसच्या (खुल्या वर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठीच्या) दाखल्यावरची मुदतही तशीच तपासा. मराठा समाजाच्या मुलांना २०२४ पासून एसईबीसीचं १० टक्के आरक्षण आहे. त्यांनाही वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर दोन्ही लागतात. एसईबीसी फक्त राज्यात चालतं. जेईई, सीयूईटी, नीटचा देशपातळीवरचा कोटा इथे केंद्राची यादी आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तो वेगळा काढायचा.

उत्पन्नाच्या दाखल्याची गंमत अशी की वडील मुंबईत नोकरीला आणि रेशनकार्ड गावचं. तलाठी विचारतो, पगाराचं काय? वडिलांचा फॉर्म १६ किंवा पगारपत्रक गणपतीच्या बॅगेतूनच येऊ दे. अधिवासाचा दाखला याच फेरीत काढून टाका. हे सगळे अर्ज ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर घरूनही भरता येतात, सेतूतूनच करायला हवेत असं नाही. पण कागद स्कॅन करायला मोबाइल बरा नसेल तर सेतूचे पैसे सार्थकी लागतात.

कृषीकडे जाणाऱ्यांनी सातबाराही काढून ठेवावा. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना या प्रवेशात गुणांवर अधिभार मिळत आला आहे. कोकणातला सातबारा म्हणजे पणजोबांचं नाव वर आणि खाली पाच ठिकाणी विखुरलेले वीस-पंचवीस हिस्सेदार. वडिलांच्या नावाची वारसनोंद झाली नसेल तर आत्ताच तलाठ्याकडे अर्ज द्या.

दिवाळी ते शिमगा: नोंदण्या

जेईई मेनची नोंदणी दिवाळीच्या आसपास, सीईटीची साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, नीटची फेब्रुवारी-मार्चमध्ये. नेमक्या तारखा दरवर्षी हलतात, म्हणून महिन्यातून दोनदा स्टेट सीईटी सेल आणि एनटीएच्या (जेईई-नीट घेणारी संस्था) संकेतस्थळावर स्वतः नजर टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरावर तारीख ठरवू नका.

फॉर्म बहुतेक जण बाजारातल्या सायबर कॅफेत भरतात. त्यात वाईट काही नाही, फक्त ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याने घाईत त्याचा ईमेल टाकला की पासवर्ड त्याच्याकडे, आणि जुलैमध्ये ऐन फेरीत त्याचं दुकान पावसामुळे बंद. ओटीपी येणारा नंबर घरात राहणाऱ्या, रेंजमध्ये असणाऱ्या माणसाचा हवा. बोटीवर गेलेल्या बाबांचा नको. ईमेल, पासवर्ड, अर्ज क्रमांक वहीत पेनाने लिहून ठेवा.

परीक्षा केंद्र निवडताना आपल्या नाहीतर लगतच्या जिल्ह्यातलं केंद्र पहिलं द्या. ‘मुंबईत मामा आहे’ म्हणून मुंबई टाकणारे एप्रिल-मेमध्ये पस्तावतात. तेव्हा सगळी मुंबई गावी येत-जात असते, कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. तुमचं प्रवेशपत्र येतं परीक्षेच्या थोडे दिवस आधी. जनरलच्या डब्यात रात्रभर उभं राहून सकाळी पेपर देणं कशाला?

शिमगा आणि बारावीचे पेपर दरवर्षी एकमेकांत अडकतात. पालखी घरी येते त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. अभ्यासाची खोली शेजाऱ्यांकडे किंवा वर्गमित्राकडे आधीच ठरवून ठेवा. देव काही रागवत नाही.

एप्रिल-मे: परीक्षा आणि निकाल

सीईटीत पर्सेंटाइल कितीही आले तरी इंजिनिअरिंगला बारावीच्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. सीईटीच्या नादात बारावीचा पेपर हलक्यात घेणारी मुलं इथे अडकतात. निकालात एखाद्या विषयाचे गुण खटकले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. मुदत थोडी असते, निकालाच्या आठवड्यातच ठरवा.

मुंबई विद्यापीठाची नोंदणीही निकालापाठोपाठ उघडते. २०२५ मध्ये निकाल ५ मे रोजी लागला, तीन दिवसांत नोंदणी सुरू झाली आणि महिना संपायच्या आत पहिली गुणवत्ता यादी लागली होती. इंजिनिअरिंगची वाट बघणाऱ्यानेही बीएस्सीसाठी ही नोंदणी करून ठेवावी. पुढे नकोशी झाली तर सोडून देता येते.

कॅपच्या फेऱ्या

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजेच कॅप, हा पावसाळ्यातला खेळ. आधी वेगळी नोंदणी, मग कागदांची छाननी, मग गुणवत्ता यादी, मग पसंतीक्रमाचा अर्ज. सीईटी दिली म्हणजे कॅपमध्ये नाव आपोआप आलं असं समजणारे दरवर्षी भेटतात. छाननीसाठी ई-स्क्रुटिनी निवडली तर घरबसल्या होते. लाइट आणि नेटचा भरवसा नसलेल्या वाडीतल्या मुलांनी सरळ जवळच्या सुविधा केंद्रावर मूळ कागद घेऊन जावं, चूक असली तर तिथल्या तिथे कळते.

पसंतीक्रम भरण्याआधी गेल्या वर्षीची कटऑफ यादी वाचायला शिका. त्यात प्रत्येक जागेला इंग्रजी अक्षरांचा संकेत असतो. पहिलं अक्षर ‘जी’ असेल तर सर्वांसाठी, ‘एल’ असेल तर मुलींसाठी. मधली अक्षरं प्रवर्गाची. शेवटचं अक्षर ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठाच्या मुलांची जागा, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांची, ‘एस’ म्हणजे राज्य पातळीवरची. ज्या कॉलेजांना हा नियम लागू आहे तिथे ७० टक्के जागा गृह विद्यापीठाला जातात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून बारावी झालेल्यांचं गृह विद्यापीठ मुंबई. म्हणजे ठाणे, नवी मुंबईच्या कॉलेजात तुम्ही ‘एच’च्या रांगेत, आणि सावंतवाडीहून कितीही जवळ वाटलं तरी कोल्हापुरात ‘ओ’च्या. बारावी जिथून पास झालात त्यावर हे ठरतं. नीटसाठी लातुरात जाऊन बारावी तिथेच केली असेल तर घर मालवणात असलं तरी मुंबई तुमचं गृह विद्यापीठ राहत नाही.

इंजिनिअरिंगला ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. सगळे भरायची गरज नाही, पण दहा भरून थांबणं हा आगाऊपणा. क्रम आवडीचाच लावा. ‘हे मिळणार नाही’ म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलण्यात काही फायदा नसतो, कारण यंत्रणा वरून खाली बघत जाते आणि तुमच्या गुणांत बसणारी पहिली जागा देते. उलट, जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादीत घालू नका. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो पक्का होतो, पुढच्या फेऱ्या बंद. २०२५ मध्ये दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तरी तो पक्का धरला गेला. म्हणजे वरचे सहा पर्याय घरात सगळ्यांसमोर बसून ठरवायचे.

वैद्यकीयला राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या प्रक्रियेतून आणि १५ टक्के देशपातळीवरून भरतात. दोन्हीकडे वेगळी नोंदणी लागते.

जवळचं काय आहे

मुंबई-पुण्याशिवाय शिक्षण नाही, हे मला पटत नाही. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आहे. रत्नागिरीत आता सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, त्याच्याखाली वनशास्त्र आहे, मुळद्याला उद्यानविद्या आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय तर मासेमारीवर जगणाऱ्या घरांतल्या मुलांच्या यादीतही सहसा नसतं, याचं मला नवल वाटतं. ७२० किलोमीटरचा किनारा आपला, आणि कोळंबीची हॅचरी चालवायला माणूस आंध्रातून येतो! संगणक शाखेच्याच मागे लागण्याआधी या नावाचाही विचार करून बघायला हरकत नाही.

पैसे

कॅपमधून प्रवेश घेतला तरच बहुतेक शुल्कसवलती मिळतात, हे पहिलं ध्यानात ठेवा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या जागांवर शिक्षणशुल्क माफ असतं. या जागा प्रत्येक शाखेत ५ टक्के, कटऑफ चढा, आणि पर्याय भरताना त्यांचा संकेत वेगळा निवडावा लागतो. राजर्षी शाहू महाराज योजनेत खुल्या प्रवर्गाला निम्मं शिक्षणशुल्क मिळतं. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक कोर्सना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मर्यादा तीच ८ लाखांची. ‘मुलीला एवढ्या लांब कशाला’ म्हणणाऱ्या आजोबांना हा निर्णय वाचून दाखवा. वसतिगृह आणि खानावळीच्या खर्चाला पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची योजना आहे. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, दरवर्षी नव्याने. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून मुलाचं खातं बारावीतच उघडून बँकेत डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार जोडणी झाली का, ते विचारून घ्या.

कॉलेजात प्रवेश पक्का करताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथेच जमा होतो आणि लवकर परत मिळत नाही. तो देण्याआधी त्याच्या आठ-दहा झेरॉक्स साक्षांकित करून घ्या, रंगीत स्कॅन ईमेलवर ठेवा, आणि सगळे मूळ कागद घालायला झिप असलेली प्लॅस्टिकची जाड पिशवी आणा. जुलैत एसटीच्या खिडकीतून पाणी आत येतंच.